आधी मुक्काम, मग किलोमीटर

छोटे, विचारलंस ते फार बरं केलंस. दिवाळीच्या सुटीत कॅराव्हॅन भाड्याने घ्यायची, सासूबाई आणि दोन्ही पोरांना घेऊन अमरावतीहून निघायचं, एवढं तुमचं ठरलं. आता रोज गाडी चालवायची किती? उत्तर आधी सांगते, कारणं मागून. दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर. स्टिअरिंगवर पाच तासांच्या वर नाही. अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामाला. आणि एक-दोन दिवस चालवली की एक दिवस गाडी जागची हलवायची नाही.

जवाईबापूंना हे कमी वाटेल. वाटणारच. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर-मुंबई 701 किलोमीटर आठ तासांत, हे वाक्य घराघरांत पाठ झालं आहे. आपल्या अमरावती-अकोला रस्त्याचंही तेच. जून 2022 मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पूर्वी खड्डे चुकवत जायचो त्याच रस्त्यावरून आता अकोला कधी येतं ते कळत नाही. रस्ते चांगले झाले याचा मलाही आनंद आहे. पण रस्ता चांगला झाला म्हणून पाठ, डोळे आणि सासूबाईंचे गुडघे बदलत नाहीत. पल्ला ठरवताना रस्त्याची ताकद धरू नको, गाडीत बसलेल्या माणसांची धर. त्यातही जो सगळ्यांत आधी दमतो, त्याची.

दुसरी गोष्ट, कॅराव्हॅन म्हणजे आपली कार नाही. ती उंच असते, जड असते, आत पाण्याची टाकी, गादी, भांडी. वळणावर ती सावकाशच घ्यावी लागते आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. अमरावती ते चिखलदरा 80-85 किलोमीटर, कारने दोन-अडीच तासांत होतं. तेच परतवाड्याच्या पुढे घाट लागल्यावर कॅराव्हॅनने किती वेळ घेईल ते मनात आण. म्हणून किलोमीटर मोजूच नको, तास मोज. मोबाईलचा नकाशा जितके तास दाखवील त्याची दीडपट धर. तीन तास दाखवले तर साडेचार. त्यात चहा, डिझेल, पोरांची लघवी, रेल्वे फाटक, सगळं बसतं.

पाच तासांचा आकडा मी मनाने काढलेला नाही. आपल्याकडे 1961 मध्ये मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. पगारी ड्रायव्हरला दिवसाला आठ तासांच्या वर काम द्यायचं नाही आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती द्यायची, असं त्यात घातलं होतं. ज्याचा तो रोजचा धंदा आहे, त्याच्यासाठी ही मर्यादा घातली होती. मग वर्षभर ऑफिसात बसणाऱ्या आणि इतकी मोठी गाडी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या माणसाने त्याहून कमीच चालवावी, यात त्याचा कमीपणा काय? दर दोन तासांनी पंधरा मिनिटं खाली उतरायचं, सगळ्यांनी. समृद्धीवर तर हे कटाक्षाने पाळ. सरळसोट सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना सारखंच दृश्य. डोळे उघडे राहतात आणि मन झोपतं. तिथे मधेच कुठेही गाडी उभी करता येत नाही, म्हणून थांबे निघण्याआधीच ठरवून ठेव.

आता उजेडाचं सांगते. दिवाळीत आपल्याकडे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्याच दिवसांत वेचणी चालू असते. संध्याकाळी कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, कित्येकींना मागे लाल दिवा नसतो. गुरं घराकडे परतत असतात, बैलबंड्या असतात, बिनदिव्यांच्या सायकली असतात. वऱ्हाडात गाडी चालवायला सगळ्यांत वाईट वेळ कोणती विचारशील तर हीच, कातरवेळ. रात्रीचं तर नावच काढू नको. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन 25 माणसं गेली. तेव्हापासून 'रात्रीच निघू, पोरं झोपलेली असतात, रस्ता मोकळा मिळतो' असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. सकाळी आठला निघा, चारला थांबा. आठ तास झाले. त्यातले पाच चालवायचे, तीन जेवणाचे, उतरण्याचे, बघण्याचे.

हे चार वाजता थांबणं तुझ्यासाठी का महत्त्वाचं, ते आता ऐक. हेच मला खरं सांगायचं आहे, आणि हे दुसरं कोणी तुला सांगणार नाही. गाडी मुक्कामाला लागली की चालवणाऱ्याचं काम संपतं. तो पाय मोकळे करतो, खुर्ची टाकून बसतो, आणि ते बरोबरच आहे, तो दमलेला असतो. पण तुझं काम त्याच क्षणी सुरू होतं. गाडी सपाट उभी आहे का ते बघ, नाहीतर कुकरमधलं पाणी एका अंगाला जातं आणि रात्रभर झोपलेलं माणूस गादीवरून घसरत राहतं. नळ कुठे आहे ते शोध, टाकी भर, विजेची सोय विचार, सासूबाईंची साखरेची गोळी जेवणाआधीची की नंतरची ते आठव. तांदूळ धू, कालचे ओले टॉवेल वाळत टाक, पोरांचे हातपाय धुऊन घे. हे सगळं उजेडात एका तासात होतं. अंधारात मोबाईलचा दिवा दातात धरून करायचं म्हटलं की अडीच तास जातात आणि आवाज चढतो तो वेगळाच. पल्ला पन्नास किलोमीटरने वाढला की त्याचं ओझं गाडीवर पडत नाही, तुझ्या संध्याकाळवर पडतं. म्हणून पल्ला ठरवताना तू बोललंच पाहिजे. 'तुम्ही म्हणाल तसं' असं म्हणून मोकळी होऊ नको.

'आत घर आहे, चालत्या गाडीत आडवं व्हायचं, स्वयंपाक करून ठेवायचा' असंही कोणी सुचवील. अजिबात नको. गाडी चालू असताना प्रत्येकाने आपल्या जागेवर, पट्टा लावून बसायचं. गॅसचं रेग्युलेटर बंद. चालत्या गाडीत गादीवर पोर झोपवणं किंवा चहा ठेवणं म्हणजे संकटाला आवतण. म्हणजे पाच तासांचा प्रवास हा सासूबाईंना पाच तास बसून काढायचा आहे. त्यांचे पाय सुजतात हे तुला माहीत आहे. त्या तोंडाने बोलायच्या नाहीत. उलट वारंवार थांबावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितील. थांबे तूच काढ, म्हणजे त्यांना मागावे लागणार नाहीत.

छोटे, मुक्काम कसे ठरवावेत हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. आपल्या दारावरून गजानन महाराजांची पालखी जाते. शेगाव ते पंढरपूर महिनाभराची वाट, आणि कोणत्या गावी दुपारचा विसावा, कोणत्या गावी रात्रीचा मुक्काम, हे सगळं आधी ठरलेलं. आपल्या कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेच्या पालखीचंही तसंच. आज पाय चांगले चालताहेत म्हणून कोणी पुढच्या गावापर्यंत रेटत नाही. जिथे पाणी आहे, सावली आहे, पंगतीची सोय आहे, तिथे मुक्काम. किलोमीटर त्यातून निघतात. आणि आणखी एक बघ. आळंदीहून माउलींची पालखी निघते तेव्हा पहिल्या रात्रीचा मुक्काम आळंदीतच असतो. देहूहून तुकोबांची निघते, तिचा पहिला मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात. पहिल्या दिवशी मोठी मजल मारायचीच नाही, ही शहाणी रीत आहे. निघण्याची घाई त्या दिवशी जिरते आणि काय विसरलं ते घराजवळच कळतं.

म्हणून तुमचा पहिला मुक्काम माझ्याकडे, अकोल्यात. अमरावतीहून शंभर किलोमीटरच्या आत. मूर्तिजापूरला चहा घ्या, दुपारी जेवायला या. त्या रात्री गाडीतच झोपा, मुद्दाम. पंखा चालतो का, पाणी किती पुरतं, कोणाला झोप लागत नाही, सगळं कळेल. राहिलेली वस्तू बाजारातून आणता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगाव. गुरुवार टाळा, गर्दी फार असते. दर्शन, महाप्रसाद, मग खामगाव-मेहकर मार्गे लोणार. दिवसभराचे दीडशेच्या आसपास होतात. लोणारला एमटीडीसीचं निवास आहे. कॅराव्हॅन उभी करू देतील का, पाणी-वीज मिळेल का, हे फोन करून आधी विचार. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण धोरणावर विसंबून गाडी दारात नेऊन उभी करायची नाही.

तिसरा दिवस लोणारलाच. गाडीची चावी सासूबाईंच्या बटव्यात. सकाळी लवकर पोरांना सरोवराकडे उतरवा. उल्का आदळून झालेला तो खळगा काठावरून एका नजरेत कळत नाही, खाली उतरल्यावर कळतो. सासूबाईंना गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ दाखवा, तिथे उतरण नाही. दुपारी सगळ्यांनी झोपा. चौथ्या दिवशी जालना, संभाजीनगर करत वेरूळ, पावणेदोनशेच्या आसपास. पाचवा दिवस लेण्यांसाठी. तो मंगळवार येऊ देऊ नको, मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. बघ, पाच दिवसांत सव्वाचारशे किलोमीटरसुद्धा होत नाहीत. पण शेगाव, लोणार आणि वेरूळ पोरांच्या ध्यानात राहतील, आणि सासूबाई घरी येऊन अंथरुणाला खिळणार नाहीत.

पुढे कोकणात उतरायचं असेल तर ते दहा दिवसांची सुटी असेल तरच. पाच दिवसांत कोकण गाठून यायचा हट्ट धरलात तर तुम्ही कोकण नाही, नुसता रस्ता बघाल. भाड्यात अनेकदा दिवसाचे ठरावीक किलोमीटर धरलेले असतात. ते वसूल करायचे म्हणूनही कोणी पल्ला वाढवतं. तसं करू नका. न चालवलेल्या किलोमीटरचं डिझेल तर वाचतं.

परतीचं मात्र आत्ताच लिहून ठेव, कारण खरी घाई तिथे होते. सगळे दमलेले, सोमवारी ऑफिस, 'चला, एका दमात घर गाठू.' वेरूळहून समृद्धीने अमरावती एका दिवसात होण्यासारखी आहे, पण दोनशेच्या नियमाच्या बाहेर जाते. मधे एक मुक्काम टाका, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान पोरांना दाखवा. आणि सुटी संपायच्या एक दिवस आधी घरी या. तो दिवस धुण्याभांड्यांचा आणि तुझ्या झोपेचा.

हीच सहल कधी उन्हाळ्यात काढलीत तर पल्ला आणखी कमी कर. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा 45 च्या वर जातो. तेव्हा पहाटे साडेपाचला निघायचं आणि अकराच्या आत सावली गाठायची, शंभर-सव्वाशे खूप झाले. टायरची हवा निघण्याआधी, टायर थंड असताना तपासायची. तापलेल्या टायरचा आकडा खरा नसतो.

आता जवाईबापूंशी कसं बोलायचं? 'तुम्हाला झेपणार नाही' असं म्हणू नको, ते लागतं. कागद घेऊन दोघं बसा. आधी मुक्कामांची नावं लिहा, मग त्यांच्यापुढे तास, आणि किलोमीटर शेवटी. कुठल्या रकान्यात पाचाच्या वर तास आले तर मधे एक गाव घाला किंवा पुढचं ठिकाण गाळा. संध्याकाळची कामंही त्याच कागदावर वाटून टाका. पाणी आणि वीज त्यांची, कुकर तुझा, अंथरुणं पोरांची. हा कागद दोघांनाही पटला की मगच गाडीचे पैसे भर, त्याआधी नको.