वेदनाशामके आणि ॲलर्जी

काशीत अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या चढून गुडघे भरून आलेला यात्रेकरू जवळच्या दुकानातून, डॉक्टरांना न विचारता, वेदनाशामक गोळी घेतो. बहुतेकांना ती बाधत नाही. परंतु दमा व नाकातील मांसवाढ असणाऱ्यांपैकी काहींचे नाक दोन-तीन तासांच्या आत वाहू लागते, छाती आवळते, श्वास कोंडतो. या दोन विकारांचा ॲस्पिरिन न सोसण्याशी असलेला संबंध फ्रेंच वैद्य विडाल यांनी १९२२ मध्ये वर्णिला.

याला आपण सरसकट ॲलर्जी म्हणतो. येथे तो शब्द तितकासा नेमका नाही. ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. वेदना शमते ती यामुळेच. आणि अशा रोग्यांत श्वासनलिका आकुंचित करणारी ल्यूकोट्राइने वाढतात, तीही यामुळेच. म्हणून ॲस्पिरिनऐवजी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतल्याने संकट टळत नाही. पॅरासिटामॉल बहुधा सोसते. मोठ्या मात्रेत मात्र तेही काहींना बाधते.

वेष्टनावर व्यापारी नावाबरोबर घटकद्रव्याचे नावही छापलेले असते. अशा रोग्याने ते वाचल्यावाचून गोळी घेऊ नये. ओठ-जीभ सुजल्यास किंवा धाप लागल्यास मात्र विलंब न लावता रुग्णालय गाठावे.