रतनवाडी : रतनगडाआधी गाव पाहा

रतनगडाला जाणारे बहुतेक ट्रेकर रतनवाडीत गाडी लावतात, भाकरीची ऑर्डर देतात आणि गडाकडे पळतात. माझं ऐकाल तर एक मुक्काम वाढवा आणि पहिला दिवस गावालाच द्या.

अकोले तालुक्यातलं हे गाव प्रवरेच्या अगदी उगमाशी आहे. नदी रतनगडाच्या कुशीत जन्मते आणि गावाखालीच भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी खाली कालव्यांतून फिरलं आणि त्यावर ऊस उभा राहिला; महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना निघाला तो याच प्रवरेच्या खोऱ्यात. पुढे नेवाशावरून ही नदी गोदावरीला मिळते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते हेच नेवासे. इथे रतनवाडीत मात्र ती उडी मारून ओलांडता येईल एवढीच आहे, अर्थात उन्हाळ्यात!

गावातलं अमृतेश्वराचं मंदिर घाईत उरकू नका. शिखरावरची नक्षी तिरप्या उन्हात उठून दिसते, म्हणून सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. गाभाऱ्याला दोन बाजूंनी दारं आहेत. पावसाळ्यात आत पाणी चढतं आणि पिंड बुडते. शेजारच्या पुष्करणीतल्या कोनाड्यांत विष्णुमूर्ती आहेत. तिथे बूट काढून शांतपणे बसा, पाण्यात उतरू नका.

मुंबईकरांनी इगतपुरी किंवा घोटी गाठून बारी, शेंडीमार्गे यावं. पेट्रोल घोटीत किंवा राजूरला भरून घ्या, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. जेवण आणि मुक्काम गावातल्या घरीच सांगा, पण आधी सांगा. ऐन वेळी पंधरा जण दारात उभे राहिले की घरच्या बाईची धांदल उडते.

गडाची वाट सुरुवातीला ओढा ओलांडत जाते. जोराच्या पावसात हा ओढा अचानक फुगतो. तेव्हा गड सोडून द्यावा, हट्ट नको. नवख्यांनी वाटाड्या घ्यावाच, कारण जंगलात कात्राबाईच्या खिंडीकडे जाणारी वाट फुटते. वर लोखंडी शिड्या, गणेश दरवाजा आणि माथ्यावर वाऱ्याने भणभणणारं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. तिथून अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई समोर दिसतात.

काजव्यांसाठी मेअखेरीस येणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. गाडीचे दिवे बंद ठेवा आणि झाडाखाली जाऊ नका, तिथेच त्यांची पुढची पिढी असते. हा सगळा परिसर अभयारण्यात आहे, त्यामुळे वनखात्याचं शुल्क भरा आणि कचरा परत घेऊन जा.