खरीप फवारणी आणि पिण्याची विहीर

मक्याची पेरणी झाली की दोन-तीन दिवसांत अॅट्राझीन हे तणनाशक मारले जाते, आणि बहुतेक वेळा त्याच सुमारास पहिले मोठे पाऊस येतात. उन्हाने भेगाळलेली काळी जमीन तोवर मिटलेली नसते. भेगांतून उतरलेले पाणी मुरमात, खडकाच्या फटींत आणि पुढे विहिरीत जाते. त्यामुळे जून-जुलैत पिण्याची विहीर जपणे हे पीक जपण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

किती औषधाने पाणी बिघडते?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) अॅट्राझीनची मर्यादा लिटरमागे 2 मायक्रोग्रॅम आहे. 20 फूट व्यासाच्या विहिरीत 10 फूट पाणी असेल, तर ते सुमारे 89 हजार लिटर भरते. एवढ्या पाण्यात मर्यादा गाठायला 50 टक्के पावडर अर्धा ग्रॅमही लागत नाही. कट्ट्यावर पुडी फोडताना तेवढी वाऱ्यानेही उडते. पाण्याचा रंग वा वास बदलत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही.

टीसीएल पावडरने जंतू मरतात, तुरटीने गाळ बसतो. कीडनाशकाचे अंश काढण्यासाठी या दोन्हींवर किंवा उकळण्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून औषध पाण्यात जाऊच न देणे हाच खरा उपाय.

फवारणीच्या दिवशी

- औषध विहीर, बोअर, हातपंप आणि ओढ्यापासून निदान शंभर फूट लांब, उताराच्या बाजूला कालवावे. पाणी तिथे ड्रमने न्यावे.
- मोटारीचा पाइप औषधाच्या टिपाडात बुडवू नये. लाइट गेली आणि फूटव्हॉल्व्ह गळका असला, की टिपाडातले द्रावण उलटे विहिरीत ओढले जाते. पाइपचे तोंड पाण्याच्या वर वीतभर ठेवावे.
- पुढच्या एक-दोन दिवसांत जोरदार पावसाचा अंदाज असेल तर फवारणी पुढे ढकलावी. लेबलवरच्या मात्रेपेक्षा ‘थोडे जास्त’ टाकू नये.
- रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे व शेतातच फवारावे. डबा भोसकून निकामी करावा. घरात पाणी किंवा धान्य ठेवायला वापरू नये. पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नये.
- विहिरीचा कठडा जमिनीपासून उंच असावा. शेतातले पाणी आत येत असेल तर चर काढून वळवावे आणि विहिरीभोवती गवताचा पट्टा राखावा.

तपासणी करताना

गावात फील्ड टेस्ट किटने होणाऱ्या तपासणीत नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड असे घटक कळतात. कीडनाशकांचे अंश कळत नाहीत. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी यंत्रे असलेली प्रयोगशाळा लागते. खर्च मोठा असल्याने आधी नायट्रेट पाहावे. ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर शेतातले किंवा सांडपाणी विहिरीत झिरपत असण्याची शक्यता धरावी. अशा विहिरींची कीडनाशकांसाठी तपासणी आधी व्हावी. नायट्रेट कमी आले म्हणजे कीडनाशक नाहीच, असे मात्र समजू नये.

नमुना फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्यावा. उन्हाळ्यातला स्वच्छ निकाल पावसाळ्याची हमी देत नाही. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. ती सहसा गडद काचेची असते. नमुना बर्फात ठेवून लगेच पोचवावा.

सोबत आपण वापरलेल्या औषधांची नावे द्यावीत. आयएस 10500 च्या यादीत 18 नावे आहेत. त्यात 2011 मध्ये बंदी आलेले एंडोसल्फान आणि 2020 अखेर बंद झालेले फोरेट आहे, पण कपाशीवर सर्रास मारले जाणारे इमिडाक्लोप्रिड नाही. नुसत्या यादीवर तपासणी केली तर आपल्या शिवारातले औषध त्यातून सुटू शकते. म्हणून फवारणीची वही ठेवावी: तारीख, औषध, मात्रा, पाऊस.

निकाल मर्यादेबाहेर आल्यास

ते पाणी पिणे व स्वयंपाकाला वापरणे थांबवावे. ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवून पर्यायी पाण्याची मागणी करावी. गावाच्या नळयोजनेची विहीर असेल तर हा विषय ग्रामसभेत मांडून, विहिरीच्या वरच्या अंगाला कोण काय फवारतो याची यादी करावी. सक्रिय कार्बनचे फिल्टर काही अंश शोषून घेते. पण कार्बन वेळेवर न बदलल्यास ते निरुपयोगी ठरते. कारण शोधून दुरुस्त केल्यावर, पुढच्या मोठ्या पावसानंतर पुन्हा नमुना द्यावा. तो निकाल मर्यादेत आल्याशिवाय विहिरीचे पाणी पिण्यासाठी सुरू करू नये.