रानातला पाचोळा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी सुमारे दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. एवढे पाणी जेथे पडते, तेथेच उन्हाळ्यात कित्येक विहिरी आटाव्यात, हे नवल नव्हे काय? या कोड्याचे उत्तर आकाशात नाही. ते पायांखालच्या जमिनीत आहे.

मुरूड व रोहा तालुक्यांतील डोंगरांत फणसाडचे अरण्य आहे. पूर्वी जंजिरा संस्थानचे नवाब येथे शिकार करीत. १९८६ साली ते अभयारण्य झाले. या रानात उन्हाळ्यातही पाणी टिकणाऱ्या काही जागा आहेत. अशा जागेला तिकडे 'गाण' म्हणतात. ओढे कोरडे पडले, की रानातील जनावरे या पाण्यावर तहान भागवतात.

हे पाणी येते कोठून? पावसाचा थेंब प्रथम झाडाच्या पानांवर पडतो. थोडे पाणी तेथूनच वाफ होऊन परत जाते. उरलेले खाली उतरते. उंच पानांवरून ठिबकणारे थेंब टपोरे असतात व तेही मातीला मार देतात. तो मार झेलतो पाचोळा. त्याच्या खाली गांडुळांनी आणि मुळांनी माती भुसभुशीत केलेली असते. पाणी तीत मुरते, खडकाच्या भेगांत साठते आणि पुढे झऱ्याच्या रूपाने सावकाश बाहेर येते.

मग झाडाला कुऱ्हाड लावूच नये काय? तसेही नाही. झाडसुद्धा पाणी पिते. दाटीतील मोजकी झाडे काढली, तर अधिक पाऊस जमिनीपर्यंत पोचतो आणि उरलेल्या झाडांना ओलावा व उजेड मिळतो. सागाच्या लागवडीत अशी विरळणी मुद्दाम करतात.

परंतु विरळणी निराळी आणि ओरबाडणे निराळे. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची जुनी रीत आहे. त्यासाठी झाडांचे टहाळ तोडतात, पालापाचोळा गोळा करतात. शेतकऱ्याची गरज खरी असते. राखेने रोपांना बळ येते, तणही मरते. तथापि एकाच रानातून वर्षानुवर्षे फांद्याही नेल्या आणि पाचोळाही नेला, तर जमीन उघडी पडते. थेंबांच्या माऱ्याने माती फुटते, तिच्या बारीक कणांनी छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी उतारावरून धावू लागते. जाताना ते माती घेऊन जाते. ती माती ओढ्यांत, धरणांत व खाड्यांत गाळ होऊन बसते. बोटभर जाडीची माती घडण्यास शेकडो वर्षे लागतात; ती एका पावसाळ्यात वाहून जाऊ शकते.

मुरूडजवळचे गारंबीचे धरण नवाबांच्या काळात बांधले गेले. धरणाची भिंत पाणी अडवते. पण धरणात येणारा गाळ अडवतो तो वरच्या डोंगरावरचा पाचोळा. म्हणून रानातून झाड घ्यावे ते मोजून, आणि जमिनीचे पांघरूण जमिनीवरच राहू द्यावे.

स्वाध्याय

१. झाडाच्या पानांपेक्षा पाचोळा मातीचे रक्षण अधिक का करतो?
२. विरळणी आणि ओरबाडणे यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. दोन तिरप्या फळ्यांवर माती पसरा. एकीवर वाळलेली पाने घाला. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घाला. खाली येणारे पाणी भांड्यांत धरा व काय दिसले ते लिहा.