तिन्ही रीडिंग ९.८

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एकतीस वर्षं काढून परवा निवृत्त झालो. निरोप समारंभात जो तो माझ्या शिस्तीबद्दल बोलत होता. मांडीवर शाल आणि श्रीफळ घेऊन मी ऐकत होतो आणि मला भलतंच काही आठवत होतं.

१. तोंडानं पिपेट ओढण्यात शौर्य नाही, हे मला चाळिशीत कळलं. तोवर मी मोठ्या रंगात सांगायचो, "आमच्या वेळी बल्ब कुठले? कॉस्टिक सोड्याची चव माहीत आहे आम्हाला!" पोरं हसायची. एकदा एकानं बल्ब बाजूला ठेवला, तोंडानंच ओढलं आणि बेसिनकडे पळाला. मी ओरडलो, तर म्हणतो, "सर, तुम्हीच तर..." पुढचं चुळीबरोबर वाहून गेलं.

२. नियम पाळला म्हणजे सुटलो, असंही नसतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या कॅरन वेटरहान विषारी धातूंच्याच अभ्यासक. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले. हूड होता, मोजे होते. पण ते द्रव्य लेटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. ही हकीकत मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचो. आणि मोजे? कोटेशनमध्ये सगळ्यात स्वस्त असतील ते.

३. खोटं लिहायला मुलांना मीच शिकवलं. बीएस्सीचं प्रॅक्टिकल केलेल्यांना सी.बी.आर. समजावून सांगायला नको. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग! टायट्रेशन तीनदा करायचं आणि आकडे जुळले पाहिजेत. ९.८, ९.८, ९.८. ज्याचं ९.७ आणि ९.९ यायचं, त्याचा 'हात बसलेला नाही' म्हणून मी गुण कापायचो. पोरं शहाणी, एकदाच करायची, तीनदा लिहायची. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध यूजीसीचे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर शिक्षा नाही, त्यापुढे पायऱ्या. मी त्यावर बॅनर लावून कार्यशाळा घेतली. ब्युरेटमधली चोरी पकडणारं सॉफ्टवेअर अजून निघायचंय, असा विनोदही केला. हशा पिकला. माझ्या जर्नलांमधले आकडे तपासावेत, असं काही तेव्हा मनात आलं नाही.

४. कॉपी ओळखण्यात आपला हातखंडा आहे, या समजुतीनं माझी सगळ्यात जास्त फजिती केली. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा परीक्षेत शेजाऱ्याला सारखा कुजबुजत विचारत होता, "झालं का?" मी त्याला बाहेर काढलं. सगळे गेल्यावर तो दाराशी आला. "सर, मला पिवळा आणि नारिंगी एकच दिसतात." मिथाइल ऑरेंजचा सगळा खेळच तेवढा, पिवळ्यावरून नारिंगी-लाल. अख्खी बीएस्सी त्यानं मित्रांचे डोळे उसने घेऊन काढली होती, आणि तीन वर्षांत एकाही मास्तरला सांगावंसं वाटलं नव्हतं. मी तावातावानं ऑफिसात गेलो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत. रंगांधळेपणा त्यात नाही. प्रमाणपत्र नाही तर सवलत नाही. कारकुनाचं काही चुकलं नव्हतं. उपाय माझ्याच कपाटात होता, सील न फोडलेला पीएच मीटर, ऑडिटला दाखवायला जपलेला. आम्ल थोडं थोडं सोडायचं, आकडा टिपायचा, आलेख काढायचा. वक्र जिथे एकदम कोसळतो तिथे अंतिम बिंदू. त्याची रीडिंगं आली ९.७, ९.९, ९.८. त्या बॅचमधली तेवढीच मला खरी वाटली.

५. 'सुरक्षितता' हा शब्द नाही म्हणायला फार सोयीचा पडतो. व्हीलचेअरवरून आलेल्या एका मुलीला मी मायेनं म्हटलं, "बाळ, ही लॅब तुझ्यासाठी सेफ नाही." त्यात तथ्यही होतं. बसलेल्या माणसाचा चेहरा ओट्याच्या जवळ येतो आणि सांडलेलं थेट मांडीवर. तिनं विचारलं, "आग लागली तर दुसरं दार कुठलं, सर?" दाखवायला गेलो. दारापुढे निर्लेखनाची वाट बघणारं सेंट्रिफ्यूज, फुटक्या डेसिकेटरांची खोकी, दाराला कुलूप, किल्ली भांडारात. म्हणजे धडधाकट पायांचीही सुटका नव्हती. पुढचं आमच्या लॅब अटेंडंटनं, सगळ्यांच्या मामांनी, पाहिलं. सुताराकडून एका टेबलाचे पाय कापून घेतले, वर काठाचा ट्रे ठेवला, घोट्यापर्यंत रबरी एप्रन आणि चेहऱ्याला शील्ड आणली. दार मोकळं करायला त्याहून जास्त दिवस लागले, कारण निर्लेखनाला समिती लागते.

६. समितीवरून आठवलं. मला नैतिकता समितीवर घेतलं होतं, बहुधा कोरमसाठी. कीटकनाशकं फवारणाऱ्या शेतमजुरांचं रक्त तपासायचा एक प्रस्ताव आला. संमतीपत्र माणसाला समजेल अशा भाषेत हवं, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ते मराठीत होतंही, 'सहभागित्वाची ऐच्छिकता' वगैरे. सहज म्हणून मी मामांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही पानं सावकाश वाचली. काय कळलं, मी विचारलं.

"सही कुठं करायची ते कळलं, सर."

माझी सही त्या प्रस्तावावर आदल्या दिवशीच झाली होती.