छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष

छायाचित्रण हे यंत्राचे काम की कलावंताचे? आज घरोघरी मोबाईलमध्ये कॅमेरा असल्यामुळे ‘यात शिकण्यासारखे ते काय?’ असे विद्यार्थी सहज विचारतात. या शंकेचे उत्तर आम्हांस गौतम राजाध्यक्ष यांच्या कार्यात सापडते.

राजाध्यक्षांचा जन्म १६ सप्टेंबर १९५० रोजी झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले. १९७४ साली ते ‘लिंटास’ या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात रुजू झाले आणि पुढे त्याचे प्रमुख बनले. १९८० साली शबाना आझमी, टीना मुनीम यांची व्यक्तिचित्रे टिपल्यापासून नियतकालिकांची दारे त्यांना खुली झाली. १९८७ साली नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र व्यवसाय पत्करला. ‘चंदेरी’ या मराठी पाक्षिकाचे संपादनही त्यांनी केले. दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतच्या कलावंतांची चित्रे असलेला ‘फेसेस’ हा त्यांचा ग्रंथ १९९७ साली निघाला. आपल्या इंदूर नगरीत १९२९ साली जन्मलेल्या लता मंगेशकर यांची मुद्राही त्यांच्या कॅमेऱ्याने टिपली आहे.

त्यांच्या चित्रांतील प्रकाश सौम्य असतो. यामागील शास्त्र सोपे आहे. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली व नाकाखाली काळ्या, रेखीव छाया पडतात. तोच प्रकाश पांढऱ्या पडद्यातून गाळून घेतला, तर तो विस्तृत पृष्ठभागावरून येतो आणि छायेच्या कडा विरघळतात. आजीला उत्तरेकडील खिडकीपाशी बसवून पाहा, प्रचीती येईल.

मात्र येथे एक आक्षेप संभवतो. चेहरा सुंदरच दाखवायचा, तर ती खुशामत नव्हे काय? जाहिरातीला केवळ आकर्षकपणा पुरतो, हे खरे. परंतु व्यक्तिचित्रात समोरचा माणूस निर्धास्त झाल्यावाचून त्याचे डोळे बोलत नाहीत. राजाध्यक्ष गप्पागोष्टींनी हा संकोच दूर करीत. व्यंग झाकणे आणि माणसाचा मान राखणे यांतील भेद ओळखणे, हेच आमच्या मते या कलेचे मर्म होय.

१३ सप्टेंबर २०११ रोजी राजाध्यक्षांचे निधन झाले. विद्यार्थिमित्रहो, मित्राची फजिती टिपून ती चारचौघांत फिरविणे क्षणाचे काम आहे; त्याला विचारून, धीर देऊन त्याचे चित्र घेण्यास मात्र संयम लागतो. यंत्र सर्वांपाशी सारखेच आहे. दृष्टी ज्याची त्याने कमवावयाची असते.