नकारदर्शक उपसर्ग व दीर्घ इंग्रजी शब्द

१५ ऑगस्ट रोजी शाळेच्या प्रांगणात 'इंडिपेंडन्स डे' हे शब्द पहिलीतील मुलाच्याही तोंडी असतात. परंतु बारा अक्षरांचा हाच 'इंडिपेंडन्स' शब्द फळ्यावर लिहून त्याची फोड विचारली, तर वरच्या इयत्तेतील विद्यार्थीही गोंधळून जातो. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जात आहे. तरीही लांब शब्द घोकून पाठ करण्याची सवय सुटलेली नाही. घोकलेला शब्द परीक्षेपुरता टिकतो. उलगडलेला शब्द कायमचा आपला होतो. 'डिपेंड' म्हणजे विसंबणे, 'डिपेंडन्स' म्हणजे परावलंबन आणि आरंभीचा 'इन्' म्हणजे 'नाही'. इतके कळले की स्वातंत्र्य म्हणजे परावलंबनाचा अभाव, हा अर्थ शब्दातूनच प्रकट होतो.

ही रीत मराठी शिक्षकास नवी नाही. नञ्‌तत्पुरुष समास शिकविताना स्वरापूर्वी 'अन्' व व्यंजनापूर्वी 'अ' येतो, म्हणून 'अनादर' परंतु 'अज्ञान', हे तो सांगतोच. लॅटिनमधून इंग्रजीत आलेला 'इन्' हा उपसर्गही पुढील अक्षर पाहून रूप पालटतो. पी, बी व एम या अक्षरांपूर्वी तो 'इम्' होतो, उदाहरणार्थ 'इम्पॉसिबल'. एल या अक्षरापूर्वी 'इल्' होऊन 'इल्लीगल' व आर या अक्षरापूर्वी 'इर्' होऊन 'इर्रेग्युलर' असे शब्द बनतात. 'उत्' व 'लेख' मिळून 'उल्लेख' होताना जे घडते, तेच येथेही घडते. हे साम्य अकारण नव्हे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याचा विचार मांडला. संस्कृतातील 'अन्', ग्रीकमधील 'अन्', लॅटिनमधील 'इन्' व इंग्रजीचा स्वतःचा 'अन्' ही एकाच प्राचीन मूळ रूपाची अपत्ये होत, असे भाषाशास्त्र पुढे मानू लागले.

उपसर्ग वेगळा काढता आला, की स्पेलिंगच्या अनेक चुका आपोआप टळतात. 'डिस' व 'अपिअर' मिळून 'डिसअपिअर' होतो, म्हणून त्यात एस एकच. 'मिस' व 'स्पेल' मिळून होणाऱ्या शब्दात मात्र एस दोन. 'अन्' व 'नॅचरल' यांच्या संयोगात एन दोन, 'इम्' व 'मॉरल' यांच्या संयोगात एम दोन. ही अक्षरे पाठ करावी लागत नाहीत. जोडाची जागा दिसली की पुरे.

सर्व नकार एकाच जातीचे नसतात, हेही मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. 'नॉनसायंटिफिक' म्हणजे विज्ञानाच्या कक्षेबाहेरचे; त्यात दोष नाही. 'अनसायंटिफिक' म्हणजे अशास्त्रीय. त्यात दोष दाखविलेला आहे. क्रियापदापूर्वीचा 'अन्' तर अभाव न दाखविता उलट क्रिया दाखवितो. 'अनटाय' म्हणजे न बांधणे नव्हे, तर बांधलेले सोडणे.

लांबीची भीती घालविण्यासाठी एखाद्या दिवशी २८ अक्षरांचा 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम' हा प्रसिद्ध शब्द फळ्यावर लिहावा. 'एस्टॅब्लिशमेंट' म्हणजे येथे राज्याने एखाद्या चर्चला दिलेले अधिकृत स्थान. 'डिस' लागला की ते स्थान काढून घेणे. 'अँटि' लागला की तसे काढून घेण्यास विरोध. उरलेला शेवटचा भाग पंथ किंवा मतप्रणाली सुचवितो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये या प्रश्नावर मोठा वाद झाला. आयर्लंडमधील चर्चचे अधिकृत स्थान १८६९ च्या कायद्याने रद्द ठरून १८७१ मध्ये ते संपुष्टात आले. या शब्दातील दोन नकार एकमेकांस छेदतात, जसा ऋणाने ऋणास गुणिले असता गुणाकार धन येतो. म्हणून या मताचा मनुष्य चर्चचे अधिकृत स्थान टिकावे असेच म्हणतो.

परंतु ही रीत शिकविताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. आरंभी 'इन्' दिसला म्हणजे तो नकारच, असे समजणे धोक्याचे आहे. रस्त्याने जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर 'इनफ्लेमेबल' हा शब्द रंगविलेला असतो. अर्धवट शिकलेला विद्यार्थी 'फ्लेम' म्हणजे ज्वाला व 'इन्' म्हणजे नाही असा हिशेब करून 'न पेटणारे' असा अर्थ लावील. खरा अर्थ 'सहज पेट घेणारे' असा आहे. कारण हा 'इन्' लॅटिनमधील दुसरा असून तो 'आत' असा अर्थ दाखवितो. 'फ्लेमेबल' व 'इनफ्लेमेबल' या दोहोंचा अर्थ एकच. न पेटणाऱ्या पदार्थास 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात. येथील चूक केवळ एका गुणाची नव्हे. ती जिवावर बेतू शकते. याउलट 'इनव्हॅल्युएबल' मधील 'इन्' नकाराचाच. तथापि त्याचा अर्थ कवडीमोल नसून 'अमूल्य', म्हणजे ज्याचे मोल करता येत नाही असा. तेथे आपला मराठी शब्दच वाट दाखवितो.

यास्तव पाठाचा क्रम असा ठेवावा. प्रथम शब्दाच्या शेवटचे प्रत्यय झाकावे, नंतर आरंभीचा उपसर्ग झाकावा व मधील मूळ शब्दाचा अर्थ विचारावा. मग एकेक भाग उघडीत अर्थ वाढवीत न्यावा. लागलेला अर्थ वाक्यात बसवून पाहावा आणि शेवटी शब्दकोश उघडून ताडून घ्यावा. ही शेवटची पायरी कधीही गाळू नये. तर्क करण्याचे धैर्य आणि तर्क तपासण्याची सवय या दोन्ही गोष्टी एकाच पाठातून मुलास लाभल्या, तर तो पाठ केवळ इंग्रजीचा राहत नाही.